हॅरिंग्टन रत्न, मरणोत्तर

हूफडॉर्प, ऑगस्ट २०२०

प्रिय नीळकंठराव,

साष्टांग नमस्कार घालायचा तो मनानेच घालतो, कारण पंचाहत्तरीनंतर खाली गेलेल्या माणसाला वर काढायला दोन माणसं लागतात आणि इथे सध्या दीड मीटरच्या आत कुणी येत नाही. तुमचा गुडघा, वहिनींचं बीपी आणि तुमच्या सोसायटीचं ते सील केलेलं फाटक, तिन्ही आता मोकळी झाली असतील अशी आशा आहे. पोस्ट बंद आहे, त्यामुळे हे पत्र मी कागदावर लिहिणार, हिमानी त्याचे फोटो काढणार आणि तुम्हाला व्हॉट्सॅपवर धाडणार. पानं मागेपुढे झाली तर आपल्या भाचीला बोला, मला नको. तुमची भगिनी लीला खुशाल आहे. मीही खुशाल आहे. हे शेवटचं वाक्य कृपया दोनदा वाचा, कारण त्यावर विश्वास ठेवणारे उभ्या महाराष्ट्रात बहुधा तुम्ही एकटेच उरला आहात.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. ज्या कॉलेजात मी जन्मभर गणित शिकवलं, त्या आमच्या हॅरिंग्टन कॉलेजने मला मृत ठरवलं आहे. नुसतं ठरवून गप्प बसले असते तरी मी समजून घेतलं असतं (निवृत्तीनंतर ते तसं समजूनच वागत होते), पण त्यांनी माझा सत्कारही केला. मरणोत्तर! आणि जो खरोखर गेला, त्या आपल्या श्यामकांत गाडेकरला जिवंत धरून त्याचा हयातीतला गौरव करायला निघाले. मेलेला जिवंत आणि जिवंत मेलेला, असा कारभार दीडशे वर्षं जुन्या संस्थेने केला, आणि तो सरळ करायला मी महिनाभर जंग जंग पछाडलं. त्याची ही हकीकत.

तुम्ही आमचं कॉलेज पाहिलं आहे. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत हॅरिंग्टन नावाच्या कुणा कलेक्टरला आपलं नाव दगडावर कोरून घ्यायची हौस आली आणि तालुक्याच्या गावी ती काळ्या दगडाची, कमानीकमानींची इमारत उभी राहिली. जिन्याखाली राणीचा अर्धपुतळा आहे. त्याचं नाक कधीच गेलं, तरी परीक्षेच्या दिवसांत पोरं त्याला गुपचूप नमस्कार करतात (गणिताच्या पेपराला जरा जास्तच वाकून). यंदा दीडशे वर्षं झाली म्हणून माजी विद्यार्थी आणि माजी प्राध्यापकांतल्या निवडक लोकांना ‘हॅरिंग्टन रत्न’ करायचं ठरलं. प्राध्यापकांत जागा दोनच, एक हयात आणि एक मरणोत्तर. लपवत नाही नीळकंठराव, मला ते रत्न व्हायचं होतं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं धरणं बांधतात, बँका चालवतात, एक तर पोलीस खात्यात मोठा साहेब झाला, आणि मला मिळालं काय, तर निरोप समारंभात एक भिंतीवरचं घड्याळ, जे घरी आणेपर्यंत बंद पडलं. मला दरबार हॉलमध्ये खांद्यावर शाल हवी होती, समोर माझी पोरं आणि शेजारच्या खुर्चीत तोंड वाकडं करून बसलेला श्यामकांत. एवढंच मागणं होतं.

श्यामकांत तुम्हाला ठाऊक आहे. इतिहासाचा. हिमानीच्या लग्नात तुमच्या लाल सुटाकडे बघून ‘बँड कुठल्या गावचा?’ असं विचारणारा तो (तुम्ही ते अजून मनात ठेवून आहात हेही मला माहीत आहे). मला तो ‘पाढेवाले’ म्हणायचा. स्टाफरूममधल्या खिडकीजवळच्या एकाच खुर्चीवरून आम्ही निवृत्तीपर्यंत भांडलो, आणि मग दोघंही पुण्यात येऊन राहिलो तेव्हा रोज दुपारच्या चहाला फोनवर भांडलो. मी इथे आलो तरी त्यात खंड नव्हता. सत्काराचा त्याला मनस्वी तिटकारा. शाल अंगावर पडली की चांगला धडधाकट माणूस आजारी दिसतो, असं त्याचं मत. मूलबाळ नाही, तो आणि मृणालिनी वहिनी, दोघांचंच घर. जुलैत त्याला ताप आला, ॲम्ब्युलन्स आली, वहिनींनी दारातून डब्याची पिशवी त्याच्या हातात दिली, आणि त्यानंतर तो त्यांना दिसला नाही. महापालिकेच्या माणसांनीच सगळं उरकलं. कुणी भेटायला आलं नाही, दहावं-तेरावं नाही, पेपरात चार ओळी नाहीत. असा माणूस गेला, आणि त्याचं जाणंसुद्धा कॉलेजने माझ्या नावावर जमा केलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती यासाठी. मी मेलो म्हणतात याचा राग आहेच, पण तो मेला असं कुणी म्हणत नाही याचा जास्त आहे.

आता हे घडलं कसं ते ऐका. आम्ही फेब्रुवारीत हिमानीच्या बाळंतपणासाठी इथे हॉलंडला आलो, विमानं बंद झाली आणि अडकलो, त्यामुळे माझी पंचाहत्तरी इथेच आली. तुमच्या भगिनीने ठरवलं, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं. इतकी निरांजनं इथे कोण देणार, म्हणून कणकेचे दिवे झाले. जावईबापूंनी स्वतः हार ओवला, पण बाजारात मिळाली ती पांढरी शेवंती, म्हणून हार पांढराधोप. मला पाटावर बसवलं, समोर परातीत दिवे पेटले, आणि छताला लावलेल्या धुराच्या यंत्राने ठणाणा सुरू केला. मी दचकून डोळे मिटले. नेमक्या त्याच वेळी हिमानीने फोटो काढला. शेजारच्या डच बाई आग लागली असं समजून धावत आल्या, आणि वाढदिवस आहे कळल्यावर त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच लीलाचं अभिनंदन केलं, मग हिमानीचं, मग जावयाचं, मग पाळण्यातल्या बाळाचं, आणि सर्वांत शेवटी माझं (इथे एकाचा वाढदिवस असला की घरातल्या सगळ्यांचंच अभिनंदन करायची रीत आहे). मला ही रीत फार आवडली. त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेली अभिनंदनं तेवढीच.

हिमानी आमच्याच कॉलेजची बीएस्सी, त्यामुळे ती कॉलेजच्या ग्रुपवर आहे. (मी जानेवारीतच रोजच्या सुविचारांना कंटाळून बाहेर पडलो होतो.) तिने तो फोटो काळापांढरा करून ग्रुपवर टाकला. काळापांढरा कशाला, विचारलं तर म्हणे, बाबा, क्लासी दिसतो. आणि खाली लिहिलं, ‘आमचे बाबा, प्रा. जयप्रकाश खांबेटे. शांत, समाधानी, कृतार्थ.’ आता तुम्हीच सांगा. पांढरा हार, मिटलेले डोळे, पुढ्यात दिवे आणि वर कृतार्थ. त्यातून त्याच सकाळी पुण्यातल्या एका इस्पितळात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्याने तिथे लिहिलं होतं, ‘आपले लाडके सर आज पहाटे गेले. सविस्तर कळवतो.’ नाव लिहायचं राहिलं, आणि सविस्तर कळवायच्या आत तो बिचारा स्वतःच ताप येऊन दाखल झाला (आता बरा आहे). त्याच्या त्या ओळीखाली थेट माझा फोटो. दुसरं काय होणार? तासाभरात भावपूर्ण श्रद्धांजलीचा पूर आला. जोडलेले हात, मेणबत्त्या, फुलं. ‘सर, तुमच्या जाण्याने जी पोकळी’ इतकंच लिहून एकाने पाठवून दिलं. त्या दिवसांत रोजच कुणी ना कुणी जात होतं, लोकांची बोटं आपोआप चालायला लागली होती. जी पोरं माझ्या तासाला कधी तोंड उघडत नव्हती, तीसुद्धा लिहिती झाली.

मी आधी हसलो. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. हिमानी ‘बाबा ठणठणीत आहेत’ असं लिहायला गेली, तोवर प्राचार्यांनी ग्रुपला कुलूप घातलं होतं. दुःखद प्रसंगी उलटसुलट मेसेज नकोत, यापुढे फक्त ॲडमिन लिहील. तिने त्यांना वेगळं कळवलं, तर उत्तरादाखल दोन जोडलेले हात आले आणि ‘सरांच्या स्मृतीस अभिवादन’. (हे आत्ताचे प्राचार्य माझ्या वेळचे नव्हेत. एकही निरोप पुरता न वाचणं हीच त्यांची पात्रता असावी.) संध्याकाळी मृणालिनी वहिनींचा लीलाला फोन आला. तेव्हा कळलं, की दिवसभर मी ज्या श्रद्धांजल्या वाचून हसत होतो त्यांच्या वरची पहिली ओळ श्यामकांतबद्दल होती. लीला म्हणते, मी झोपेपर्यंत हार काढला नव्हता. मला आठवत नाही.

मग हिमानीच्या ईमेलवर कॉलेजचं पत्र आलं. ‘श्रीमती लीलावती खांबेटे यांस.’ श्रीमती! लग्न झाल्यापासून तुमच्या भगिनीला ‘सौ.’शिवाय पाकीट आलेलं नाही. ती इतकी भडकली की पोळी तव्यावर करपली. मला म्हणाली, तुमचं रत्नबित्न गेलं चुलीत, आधी हे निस्तरा. मी पुष्करला फोन लावला. हा पुष्कर माझाच जुना विद्यार्थी, आता तिथेच शिकवतो, आणि या सोहळ्याचा समन्वयक आहे. माझा आवाज ऐकून त्याने दोनदा नाव विचारून घेतलं. मग म्हणाला, सर, फार बरं वाटलं. आणि मग म्हणाला, पण सर, ठराव झालाय. कार्यकारिणीने नावं मंजूर केली, मानपत्रं छापली, फ्लेक्स लागला, आणि हयात जागेसाठी गाडेकर सरांचा होकारही आलाय. मी ओरडलो, अरे, होकार कसा येईल, तो गेलाय! तर म्हणतो, सात दिवसांत हरकत आली नाही की होकार धरायचा, असं ठरलंय सर. (याची प्रमेयंसुद्धा अशीच असायची. मधल्या पायऱ्या गाळून थेट सिद्ध.) दुरुस्ती हवी असेल तर दोन कागद लागतील, माझ्या हयातीचा दाखला आणि गाडेकर सरांच्या मृत्यूचा. मी विचारलं, मग आत्ता तुझ्याशी बोलतोय तो कोण? म्हणाला, सर, फोनवरचं रेकॉर्डला घेता येत नाही.

म्हणून मी इथल्या नगरपालिकेत गेलो. तिला खेमेंटे म्हणतात, आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. पेन्शनसाठी आपण दर नोव्हेंबरात बँकेत तोंड दाखवून येतो, तसा माणूस जिवंत असल्याचा दाखला इथेही मिळतो, त्याला भारदस्त लॅटिन नावसुद्धा आहे. काचेपलीकडच्या मुलीने पासपोर्ट घेतला, कॉम्प्युटरात पाहिलं, आणि फार नम्रपणे सांगितलं की ज्याची इथे रहिवासी म्हणून नोंद आहे त्यालाच दाखला देता येतो, मी तर पाहुणा. मी म्हणालो, बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे. ती म्हणाली, हो, दिसताय ना, आणि छान हसली. मला तिचा रागही येईना. नियम तो नियम, आणि निदान तिने मला मेलेला तरी म्हटलं नाही. बाहेर येऊन कालव्याकाठच्या बाकावर बसलो. शिपोल विमानतळ जवळ असूनही आकाशात चुकून एखादं विमान, आणि पुढ्यातून माझ्याच वयाच्या आज्या सायकलींच्या घंट्या वाजवत चाललेल्या. हेगच्या आपल्या वकिलातीत वेळ मिळत होती, पण ती समारंभ उलटून गेल्यानंतरची.

आणि माझा दाखला मिळाला असता तरी दुसरा कागद होताच. पुष्कर म्हणाला, सर, गाडेकर वहिनींकडून फक्त एक फोटो मागवून घ्या ना दाखल्याचा, पाच मिनिटांचं काम आहे. फोन हातात घेऊन बसलो. काय बोलणार होतो मी? वहिनी, मला शाल हवी आहे, तेवढा श्यामकांत गेल्याचा कागद पाठवा? नाही जमलं, नीळकंठराव. पुष्करला म्हटलं, राहू दे, मी मेलेलाच बरा. तर पुढचं ऐका. लीलाकडून कळलं, की कॉलेजातून वहिनींना रोज फोन जातोय. सर आहेत का? सरांना चाचणीसाठी जॉइन व्हायला सांगा. सरांचा कोटातला फोटो पाठवा. पहिल्या फोनला वहिनींना बोलताच आलं नाही, तर पलीकडच्याने ‘रेंज नाही वाटतं’ म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दुसराच कुणी. मग त्या नुसतं ‘हो’ म्हणायला लागल्या. हे ऐकल्यावर मी पुष्करला झाड झाड झाडलं. तो रडकुंडीला आला. घरात तीन माणसं पॉझिटिव्ह, ऑफिसातला निम्मा स्टाफ क्वारंटाइन, फोन करायला ठेवलेली पोरं सरांना ओळखतही नाहीत, आणि प्राचार्य म्हणतात, कार्यक्रम झाल्यावर बघू. ‘सर, तुम्ही तेवढा कॅमेरा बंद ठेवून बसा. पुढच्या वर्षी तुमचा जिवंतपणी करू.’ मी हो म्हणालो. कारण असं, की मी गेल्यावर लोक काय बोलतात ते ऐकायची मला उत्सुकता होती. असते माणसाला.

समारंभ ऑनलाइन, तिकडच्या अकराच्या मुहूर्ताचा, म्हणजे आमच्याकडे सकाळी दूध तापायच्या वेळेचा. लॅपटॉपसमोर लीला, हिमानी आणि कडेला मी, मयत. आधी प्राचार्यांनी समई पेटवली, ती वाऱ्याने विझली, ती पुन्हा पेटवली. स्वागतगीत म्हणणाऱ्या चार मुली चार घरांतून गायल्या आणि चार वेगवेगळ्या वेळी संपल्या. मग शीतगृहांचे मालक असलेले एक माजी विद्यार्थी आपल्या शीतगृहांविषयी इतकं बोलले की मला थंडी वाजली. मग मी आलो. म्हणजे तो फोटो आला, हारासकट. निवेदिकेने माझा परिचय वाचला, तो सगळा हिमानीच्या त्या तीन शब्दांवरून बेतलेला. मी अतिशय शांत होतो. मितभाषी होतो. गणित हसतखेळत शिकवत होतो. (तुमची भगिनी इथे इतकी हसली की हिमानीने आवाज बंद आहे ना ते दोनदा तपासलं.) तो पोलीस साहेब म्हणाला, सरांनी फेकलेलं डस्टर मला लागलं म्हणून मी घडलो. अरे, मग ते मानपत्रात का नाही? आयुष्यभर जीव तोडून शिकवलं, कोन म्हणजे काय ते समजेपर्यंत पोरांना घरी बोलावून शिकवलं, त्याची एक ओळ नाही, आणि शांत म्हणे! शेवटी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. लॅपटॉपसमोर माणसं उभी राहिली की पडद्यावर नुसती पोटं दिसतात. माझ्यासाठी ओळीने उभी राहिलेली ती पोटं मी बघत होतो, तेवढ्यात लीलाने मला कोपराने ढोसलं, म्हणाली, उभे राहा, बरं दिसत नाही. मीही उभा राहिलो.

आणि मग हयात प्राध्यापक. निवेदिका म्हणाली, आता आपण ऐकणार आहोत आदरणीय श्यामकांत गाडेकर सरांचं मनोगत. पडद्यावर एक काळा चौकोन मोठा झाला, त्यावर त्याचं नाव. कॉलेजातून सांगितलं होतं तसं वहिनींनी त्याच्या फोनवरून जॉइन केलं होतं. निवेदिका म्हणाली, सर, आपण म्यूटवर आहात. थांबली. सर, आपला आवाज येत नाहीये. प्राचार्य मधे पडले, सर, डावीकडे खाली माइकचं चिन्ह आहे बघा. शीतगृहवाले म्हणाले, सर, बाहेर पडून पुन्हा आत या. जो उठेल तो त्याला आवाज लावायला सांगतोय, आणि तो चौकोन तसाच, काळा. त्यामागे पुण्यातल्या त्या खोलीत वहिनी एकट्या बसून हे सगळं ऐकत होत्या, हे मला माहीत होतं, आणि लीलालाही माहीत होतं, कारण तिने माझा हात धरला होता. मी हात सोडवला आणि कॅमेरा लावला. हिमानी ‘बाबा’ म्हणाली तेवढीच.

मी म्हणालो, ‘तो बोलणार नाही. श्यामकांत जुलैतच गेला. मी खांबेटे, मी जिवंत आहे, तुम्ही चुकीच्या माणसासाठी उभे राहिलात. आता पुन्हा उभे राहा, या वेळी बरोबर माणसासाठी.’

कुणीतरी किंचाळलं (बहुधा स्वागतगीतातल्या मुलींपैकी). प्राचार्य म्हणाले, सर, आपण कुठून बोलताय? हा प्रश्न त्यांनी मेलेल्या माणसाला विचारला होता हे लक्षात घ्या. मी म्हणालो, हूफडॉर्पहून, उभे राहा. सगळ्यांत आधी पुष्कर उभा राहिला. मग पोलीस साहेब, ते ताठ, सॅल्यूट ठोकून. मग एकेक करत बाकीचे. पुन्हा तीच पोटं, पण या वेळी मला हसू आलं नाही. आणि अर्धं मिनिट होतंय न होतंय तोच पडदा काळा झाला. का, माहितीय? शतकोत्तर सुवर्णमहोत्सव आणि मीटिंग फुकटातली, चाळीस मिनिटांत आपोआप बंद पडणारी! फ्लेक्सला पैसे होते, सभागृहाच्या रंगाला पैसे होते, माणसाच्या दोन मिनिटांना नव्हते. मी आणि लीला तसेच उभे राहिलो. हिमानीनेही बाळाला कडेवर घेतलं आणि उभी राहिली. मग बाळ रडायला लागलं.

आता तुम्हाला विनंती. तुम्ही पेपरांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात नेहमी लिहिता, कचऱ्यापासून कारगिलपर्यंत. या प्रकरणावरही एक सणसणीत पत्र लिहा. प्राचार्यांचं नाव घ्या, ठरावाचं लिहा, श्रीमतीचं लिहा, फुकटच्या मीटिंगचं तर अवश्य लिहा. कॉलेजची अब्रू चव्हाट्यावर आली पाहिजे. माझं नाव मोठ्या अक्षरात छापायला सांगा आणि पुढे कंसात ‘हयात’ असं लिहायला सांगा. तुमच्या घरी वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

तुमचा,
जयप्रकाश खांबेटे (हयात)

ता. क. पेपराचं राहू द्या. आत्ताच पुष्करचा फोन येऊन गेला. त्याचे वडील काल गेले. फोनवर तो माझ्याशी बोलला तो विद्यार्थी म्हणून बोलला, समन्वयक म्हणून नाही. पत्र छापून आलं तर ते त्याच्याच मानेवर बसेल, प्राचार्य नामानिराळे राहतील. शाल पुढच्या वर्षी मिळाली तरी चालेल, नाही मिळाली तरी इथे थंडी फारशी नाही.

ता. क. दुसरं. नीळू, मी लीला. हे आंघोळीला गेलेत म्हणून लिहिते. यांनी रागाने लिहिलंय असं समजू नकोस. रोज दुपारी चहा पुढ्यात घेऊन फोन हातात घेतात, थोडा वेळ धरून बसतात आणि खाली ठेवतात. चहा निवून जातो. मी काही विचारत नाही. तू अधूनमधून फोन कर, आणि वाटेल त्या विषयावरून भांड.

ता. क. तिसरं, आणि हे माझं. वर मधेच तुमच्या भगिनीने काय खरडलंय ते मी वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते सांगायचंच राहिलं. मीटिंग बंद पडली त्यानंतर मृणालिनी वहिनींचा मला फोन आला. चारचौघांत मी असं ओरडलो म्हणून त्या रागावल्या असतील, असं वाटून मी आधीच माफी मागायला लागलो. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, हे गेल्यापासून आज पहिल्यांदा यांच्यासाठी कुणीतरी उभं राहिलं.’ नीळकंठराव, त्यांच्याकडे अजूनही कुणी भेटायला गेलेलं नाही. काळ असा आहे, कुणाला दोष देत नाही. पण तुमच्याकडून त्यांचं घर रिक्षाने जवळ आहे, आणि पुण्यात तुमच्याशिवाय मी हक्काने कुणाला सांगू? मास्क लावा, आत जाऊ नका, जिन्यात खुर्ची मागून घ्या आणि लांबच बसा. समजूत घालू नका, त्यांना सांगू द्या. डब्याच्या पिशवीचं त्या पुन्हा पुन्हा सांगतील, तरी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐका. हार, शाल, काही नेऊ नका. माझा विषय काढू नका, माझं काही झालेलं नाही. नुसतं तासभर बसा. मी असतो तर मीच बसलो असतो.